सात प्रश्नचिन्हे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संगणकावर लिहावे ते विज्ञान शाखेच्या मुलांनी. कला शाखेच्या मुलीने पावसावर, आईवर, फार झाले तर परीक्षेवर लिहावे, असा वार्षिकांकाचा एक अलिखित रिवाज असतो. तो मोडल्याबद्दल संपादक मंडळाची आधीच क्षमा मागते. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्यावर जो प्रसंग आला त्यात संगणकही होता आणि आजीही होती. दोघांना वेगळे काढून लिहिण्याचा प्रयत्न मी करून पाहिला. तो जमला नाही.

आमचे गाव दारव्हा तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही, पण गाण्यांच्या बाबतीत ती आमच्या गावाचे ग्रंथालय होती. आपल्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते, हे वाचकांना सांगायला नको. मुली टिपऱ्या घेऊन दारोदार जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा बंद, तो हलवून, आवाजावरून आत काय आहे ते सांगायचे. शेंगदाणे, फुटाणे की लाडू? आजीची गाणी मोठी आणि खिरापत अवघड, म्हणून आमच्या दारात पोरींची गर्दी जास्त.

मागल्या वर्षी कोजागिरीच्या आधी मी आजीला खाटेवर बसवले आणि माझ्या जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या मोबाइलवर तिची गाणी उतरवून घेतली. मोबाइलवर मराठी टंकता येत असे, म्हणून प्रत्येक फाइलला मराठीतच नाव दिले: ‘भुलाबाई 1’, ‘भुलाबाई 2’, असे करत ‘भुलाबाई 21’. दोन-तीन फाइलींत ती गाणे विसरून नुसतीच बोलत सुटली होती. त्यांना ‘आजी 1’, ‘आजी 2’ अशी नावे दिली. लोकसाहित्याच्या प्रकल्पाला उपयोग होईल, एवढाच त्यामागचा हिशेब. उन्हाळ्यात आजीला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसला की असे दोन्ही एकदम जाते. आजीला सगळे समजते; ओठ हलतात, पण शब्द येत नाही. पावसाळ्यात माझा मोबाइल नाल्याच्या पाण्यात पडून कायमचा मुका झाला. त्यातले मेमरी कार्ड तेवढे वाचले. आजीचा आवाज आता त्या नखाएवढ्या काळ्या तुकड्यात होता, दुसरीकडे कुठेही नव्हता.

सुटीत माझा चुलतभाऊ पुण्याहून आला. तो तिथे संगणक दुरुस्तीचे काम करतो. एका कचेरीने भंगारात काढलेला लहानसा लॅपटॉप त्याने माझ्यासाठी आणला होता. बॅटरी मेलेली, रॅम अवघी एक जीबी. अशा यंत्रावर आजचे विंडोज चालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची नांगरणी सांगणे. पण जुन्या यंत्रांसाठी हलक्या जातीचे लिनक्स असते. पपी, टायनी कोअर, आल्पाइन अशी त्यांची गमतीदार नावे आहेत. दादाने त्याच जातीचे एक, स्वतःच्या हाताने छाटून बांधलेले, त्यात घातले. “याच्यात काहीच आपोआप होत नाई,” तो म्हणाला, “जे पायजे ते तुले सांगा लागते.” आणि दोन दिवसांनी तो पुण्याला परत गेला.

त्या वाक्याचा अर्थ मला तो गेल्यावर कळला. मोठ्या, सजवलेल्या संगणकात पेन ड्राइव्ह किंवा कार्ड लावले की लगेच खिडकी उघडते. आपल्याला वाटते, लावणे म्हणजेच जोडणे. तसे ते नसते. कार्ड खाचेत शिरले तरी यंत्राच्या लेखी ते दारात उभे असलेले माणूस आहे. ते कोण, त्याला कोणत्या खोलीत बसवायचे, त्याची भाषा कोणती, त्याने नुसते बोलायचे की घरातल्या वस्तूंना हातही लावायचा, हे सारे सांगावे लागते. या सांगण्याला ‘माउंट’ करणे म्हणतात. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1969 साली युनिक्सची सुरुवात केली. त्या काळच्या यंत्रांत तबकड्यांचा जडशीळ संच माणसाने उचलून खरोखरच यंत्रावर चढवायचा आणि मग यंत्राला तसे कळवायचे. 1971 च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतही ही आज्ञा आहे. तबकड्या गेल्या, शब्द राहिला. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतले. त्यातही तोच शब्द आला.

यात आणखी एक भानगड असते, ती जातीची. मोबाइलचे कार्ड बहुधा ‘फॅट’ नावाच्या पद्धतीने मांडलेले असते, तर लिनक्सची स्वतःची मांडणी ‘एक्स्ट-4’. आपल्याकडच्या लोकांना हे चटकन समजेल. यवतमाळहून कापूस घेऊन शकुंतला मूर्तिजापूरला जायची ती अरुंद रुळांवरून. तिथून पुढे रुंद रूळ. डबे तसेच पुढे ढकलता येत नसत, माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. ती गाडी आता धावत नाही, पण संगणकातल्या मूर्तिजापुरात ही उतरचढ रोज चालू असते. कोणत्या रुळावरून माल येतो आहे हे यंत्राला आधी ठाऊक हवे.

दादाने वहीत लिहून दिलेली आज्ञा मी दिली. कार्ड जोडले गेले. फाइलींची खिडकी उघडली आणि माझ्या काळजात धस्स झाले. एकाही फाइलला नाव नव्हते. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. एकीवर टिचकी मारली तर उत्तर आले, अशी फाइलच नाही. यादीत आहे, पण हाक मारली तर नाही! हजेरीपटावर नाव असून वर्गात नसलेल्या मुलासारखे.

शेजारचा एक मुलगा संगणकाचा कोर्स करून आलेला. त्याने पाहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “व्हायरस शिरला ताई. सगळं उडालं. फॉरमॅट मारून टाका, कार्ड तरी कामी येईन.” त्याचा हेतू वाईट नव्हता. ज्याला पुढचा रस्ता ठाऊक नसतो तो मागचा पूल जाळायला सांगतो, एवढेच. दुसऱ्या एखाद्या संगणकात किंवा चांगल्या मोबाइलमध्ये कार्ड घालून पाहावे, हे शहरातल्या वाचकाला सहज सुचेल. आमच्या घरात दुसरा फोन आईचा, साधा बटनांचा. त्यात कार्डाला जागा नाही. गावात कुणाला मागावा तर, खरे सांगते, भीती वाटली. न जाणो, कुणी फॉरमॅटच करून ठेवले तर?

रात्री जेवणे झाल्यावर मी पुन्हा ती यादी उघडून बसले. आजी खाटेवर जागीच होती. बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. प्रश्नचिन्हांच्या मागे आकडे जसेच्या तसे होते. काही चिन्हे, मग मोकळी जागा, मग 1, पुढे 2, पुढे 3, थेट 21 पर्यंत. मी चिन्हे मोजली. सात. सगळ्या एकवीस ओळींत सात. ‘भुलाबाई’ तर चार अक्षरांचा शब्द. पण त्याची फोड करून पाहिली: भ, त्याचा उकार, ल, त्याचा काना, ब, त्याचा काना, आणि ई. सात! खालच्या ओळींत तीन-तीन चिन्हे होती. आ, ज आणि वेलांटी. आजी!

वाचकहो, बंद डबा हलवून खिरापत ओळखल्याचा आनंद मला पुष्कळदा झाला आहे. पण त्या रात्रीसारखा कधी झाला नाही. व्हायरसने खाल्ले असते तर त्याने काना-मात्रा मोजून का खाल्ले असते? नावे कार्डावर शाबूत होती. यंत्राला ती वाचता येत नव्हती, आणि वाचता येत नाही असे न म्हणता ते प्रत्येक खुणेमागे एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळे होत होते.

आईचा फोन घेऊन मी पाण्याच्या टाकीजवळ गेले. आमच्याकडे रेंज तिथेच येते. दादाला सगळे सांगितले.

“सात मोजले तू?” तो हसला. “मंग तर झालंच. चूक माह्यीच हाय. मी तुले आज्ञा लिहून देली, पण कार्डावरची नावं कोण्या लिपीत हायत ते त्याले सांगतलंच नाई. ते बिचारं इंग्रजी समजून वाचून रायलं.”

“मंग आता?”

“आता पयले कार्ड सोडव. पुन्हा जोडतानी दोन शब्द जास्तीचे घाल. एक, ‘आर-ओ’, म्हणजे नुसतं वाचाचं, लिहाचं नाई. तुह्या हातून चुकलं तरी कार्डाले धक्का लागणार नाई. अन् दुसरा, ‘यूटीएफ-8’.”

जोडताना घातलेल्या अशा शब्दांना ‘माउंट’चे पर्याय म्हणतात; स्वल्पविरामाने एकापुढे एक लिहायचे, मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. मी घरी येऊन कार्ड सोडवले, दोन शब्द घालून पुन्हा जोडले. खिडकी उघडली. ‘आजी 1’. ‘आजी 2’. ‘भुलाबाई 1’. लोहित नावाच्या मोफत मिळणाऱ्या देवनागरी टंकात, काना-मात्रेसह, सगळ्या जणी रांगेत उभ्या होत्या. कार्डावरचा एक ठिपकाही मी बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त जोडण्याची अट.

हे ‘यूटीएफ-8’ काय प्रकरण आहे ते मी नंतर समजून घेतले. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, आकडे ठाऊक असतात. जगातल्या लिपींतल्या प्रत्येक खुणेला स्वतःचा आकडा देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. 1991 साली तिची पहिली आवृत्ती आली तेव्हाच देवनागरी तिच्यात होती. पण ते आकडे साठवायचे कसे, हा प्रश्न राहिलाच. 1992 च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवायला बसले असताना थॉम्पसनने ताटाखालच्या कागदावर त्याची रीत मांडली. तीच ‘यूटीएफ-8’. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि आपल्या देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे ‘भुलाबाई’ला एकवीस बाइट. ज्याने तेवीस वर्षांपूर्वी युनिक्स मांडले, त्यानेच त्या कागदावर माझ्या आजीच्या गाण्यांना त्यात शिरायला दार करून ठेवले होते, असे मला वाटले. त्याला बिचाऱ्याला भुलाबाई काय ठाऊक! पण चांगल्या कामाचे असेच असते. दार करणाऱ्याला त्यातून कोण येणार हे माहीत असावे लागत नाही. त्याने फक्त ते पुरेसे रुंद करावे.

गाणी सापडली, आता ती यंत्रात उतरवून घ्यायची होती. इथे दुसरा धडा मिळाला. फाइल ‘उतरली’ असे यंत्र म्हणते तेव्हा ती पुष्कळदा अजून रॅममध्येच असते. सवडीने ती तबकडीवर लिहिली जाते. मधल्या काळात वीज गेली की गेले. आमच्याकडे विजेचा भरवसा काय तो वाचकांना माहीत आहे, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी तर मेलेली. पहिल्या खेपेला पाच गाणी उतरवली आणि लगेच दिवे गेले. वीज आल्यावर पाहिले तर शेवटच्या दोन फाइली नुसत्या नावाच्या. आत काही नाही. नशीब, मूळ कार्ड ‘नुसते वाचायचे’ म्हणून जोडलेले होते, त्याला काही झाले नाही. मग मी शिकले: उतरवून झाले की ‘सिंक’ म्हणायचे, म्हणजे हातातले काम पुरे करून मगच उत्तर दे, आणि कार्ड काढण्याआधी ते रीतसर सोडवायचे. पाहुण्याला निरोप दिल्याशिवाय त्याच्या खालची चटई ओढू नये, एवढा साधा शिष्टाचार.

आणखी एक पर्याय मला फार आवडला. त्याचे नाव ‘नोएटाइम’. युनिक्सची जुनी सवय अशी की एखादी फाइल कुणी नुसती वाचली तरी ‘अमक्या वेळी वाचली’ अशी नोंद करून ठेवायची. म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लिहिणे आले, आणि जुन्या यंत्राला तेवढेच ओझे. 2009 पासून लिनक्स आपणहून अशा नोंदी कमी करते. ‘नोएटाइम’ म्हटले की मुळीच करत नाही. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपच्या तबकडीसाठी मी तो पर्याय लावून टाकला. आजीचे गाणे मी दिवसातून किती वेळा ऐकले याचा हिशेब कुणी ठेवू नये, असे मलाही वाटत होते.

रोज उठून ही आज्ञा टंकायची नसेल तर ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत एक ओळ लिहून ठेवता येते. ही फाइल मला तलाठ्याच्या दप्तरासारखी वाटली. प्रत्येक ओळीत सहा रकाने: वस्तू कोणती, बसवायची कुठे, मांडणी कोणत्या जातीची, अटी कोणत्या, आणि शेवटी दोन आकडे, एक जुन्या पद्धतीच्या नकल-साठवणीचा आणि एक तपासणीच्या क्रमाचा. वस्तूच्या रकान्यात यंत्राने दिलेले तात्पुरते नाव लिहू नये, ते आज एक, उद्या दुसरे. कार्डाची स्वतःची आठ अक्षरांची ओळख असते, ती लिहावी. मी उत्साहाच्या भरात एक अट विसरले. दुसऱ्या दिवशी कार्ड न लावता यंत्र सुरू केले, तर ते नसलेल्या कार्डाचा शोध घेऊन चूक-चूक करू लागले. मग ‘नोऑटो’ लिहिले: सांगेन तेव्हाच जोड, आपणहून नको.

त्या अटींच्या रकान्यातच मला हा लेख लिहायला लावणारी गोष्ट सापडली. फॅट मांडणीत फाइलीला मालक नसतो. तशी जागाच तिच्यात ठेवलेली नाही. युनिक्सला मात्र प्रत्येक फाइलीला मालक हवाच. मग तो कोण? तर जोडताना ‘यू-आय-डी’ या अटीपुढे ज्याचा आकडा लिहावा तो. काही लिहिले नाही तर जोडणारा. मी माझा आकडा लिहिला, आणि क्षणात एकवीस गाणी आणि आजीची सगळी बडबड माझ्या मालकीची झाली. यादीत प्रत्येक ओळीपुढे माझे नाव. कार्डावर तसे काहीही लिहिलेले नव्हते. मी अट लिहिली म्हणून यंत्राने ते मानले.

मला आमच्या वावराचा सातबारा आठवला. आजीने चाळीस वर्षे त्या तीन एकरांत निंदण केले, कापूस वेचला. सातबाऱ्यावर आधी आजोबांचे नाव होते, नंतर बाबांचे लागले. आजीचे कधीच लागले नाही. जमिनीत तिचे काम नव्हते म्हणून का? छे. रकाना भरणाऱ्याने भरताना तिला विचारले नाही म्हणून. आणि आता तिच्या गाण्यांच्या बाबतीत मीही तेच केले होते, तेही ‘यू-आय-डी’ बरोबर लिहिता आले म्हणून स्वतःची पाठ थोपटत!

यंत्रातली मालकी मी तशीच राहू दिली, कारण तिथे माझे नाव नसेल तर मला त्या फाइली हाताळता येणार नाहीत. पण प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी आधी एकटीचे नाव घातले होते, ते बदलले. आता तिथे वर ‘गाणी’ असे लिहून आजीचे पूर्ण नाव, तिच्या माहेरच्या गावासकट. आणि खाली बारीक अक्षरात ‘उतरवून घेणारी’ म्हणून माझे. सरांनी विचारले, “हे वरचं नाव कुणाचं? संदर्भग्रंथाच्या लेखिकेचं का?” मी म्हटले, “हो सर, तसंच समजा.”

गाणी दोन ठिकाणी उतरवून झाली त्या संध्याकाळी मी लॅपटॉप आजीच्या खाटेजवळ नेला आणि ‘भुलाबाई 1’ लावले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्या पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. स्वतःचाच आवाज तिला पहिल्यांदा ओळखू आला की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या कडव्याला तिचा डावा हात, जो अजून तिचे ऐकतो, खाटेच्या लाकडावर टिपरीसारखा पडू लागला. ठेका एकदाही चुकला नाही. आई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “इसरली नाई वं बुढी. काई इसरली नाई.”

एवढ्यात दिवे गेले, आणि बॅटरी नसलेले यंत्र एकदम गप्प झाले. खाटेवरचा ठेका मात्र चालूच होता. मग पुढचे कडवे अंधारात आईने उचलले.